घमेल्यातलं पाणी

रतिलाल आबांना घरात शिरताना खोकायची सवय होती. हा सर्दीपडशाचा खोकला नव्हे, घरातल्या मोठ्या माणसाचा खोकला. ओट्यावरून आबा खाकरले की आत मयुरीचा पदर डोक्यावर जायचा, टीव्हीचा आवाज खाली यायचा आणि मगच आबांचं पाऊल उंबऱ्याच्या आत पडायचं. सून घरात येऊन आठ वर्षं झाली होती. या आठ वर्षांत आबा तिच्याशी समोरासमोर किती बोलले ते बोटांवर मोजावं. "चहा व्हयना का?" हे ते खांबाला विचारत. "आज भाकर जराशी कडक व्हयनी," हे मांजराला सांगत. उत्तर मात्र खांबापलीकडून बरोबर येई.

यात कुणालाच काही वावगं वाटत नव्हतं. नरडाण्याच्या पलीकडच्या त्या गावात चांगल्या घरची रीतच अशी, आणि आबांचं घर तर चांगल्यातलं चांगलं. भावाभावांत बांधावरून पेटलं, कुणाच्या सासू-सुनेचं फाटलं, की मंडळी आबांच्या ओट्यावर यायची. आबा दोन्हीकडचं ऐकून घ्यायचे, अडकित्ता खाली ठेवायचे आणि ठेवणीतलं वाक्य काढायचे, "खरं बोलाले लाज वाटस, आन् खोटं बोलाले नही वाटस का रे?" भल्याभल्यांच्या माना खाली जायच्या. आबांना ते दृश्य आवडायचं, हे खोटं कशाला सांगा.

अशा माणसाची छाती यंदा चालताना भरून यायला लागली. धुळ्याच्या डॉक्टरांनी कागद बघितले, छातीला नळी लावली आणि सांगितलं, आधी अँजिओग्राफी करू, बहुतेक बायपास लागेल. आबांची बायको वारलेली. मुलगा कुंदन नरडाण्याच्या कारखान्यात, त्याला रजा मिळायची ती मोजकी. ती त्याने ऑपरेशनसाठी राखून ठेवली. म्हणून नातवाला जळगावला आजोळी धाडलं आणि आबांजवळ राहायला मयुरी आली. आता दवाखान्याच्या खोलीत शिरायचं तर खोकायचं कुठे आणि पदर घ्यायचा कुठे? दोघंही पहिल्या दिवशी उगाच अवघडून बसले.

त्यात किडनीच्या डॉक्टरीणबाई आल्या. शाझिया मॅडम, धुळ्याच्याच, वयाने मयुरीएवढ्या. त्यांनी रिपोर्ट बघितला आणि स्टूल ओढून आबांच्या अगदी जवळ बसल्या.

"आबा, तुमची साखर जुनी आहे. एवढ्या वर्षांच्या साखरेने किडनीच्या गाळण्या विरत आल्यात. त्यात गुडघेदुखीच्या गोळ्या खाल्ल्यात तुम्ही मनाला येईल तशा. त्या आजपासून बंद, साखरेचीही एक गोळी थोडे दिवस बंद. आता तपासणीसाठी रक्तात जे औषध सोडतील ते किडनीतूनच बाहेर पडतं. तुमच्याकडे ठिबक आहे?"

"शे ना. बठ्ठा कापूस ठिबकवर शे."

"ठिबकमधून खत सोडल्यावर मागून साधं पाणी सोडता की नाही?"

"सोडनंच पडस. नहीते नळ्या चोंदी जातस."

"मग झालं. इथेही तसंच. सलाईनने एकदम भरता येत नाही, तुमच्या हृदयाला ते झेपणार नाही, दम लागेल. म्हणून तोंडाने, थोडं थोडं, दिवसभर. आणि पुढे बायपास आहे. ऑपरेशन चालू असताना रक्ताचा दाब जरा खाली गेला तरी पहिली उपाशी राहते ती किडनी. हृदय दुरुस्त केलं आणि किडनी गमावली, तर काय उपयोग? तेव्हा पाणी प्यायचं आणि लघवी किती होते ते मोजायचं." असं म्हणून मॅडमनी खुणा असलेलं प्लास्टिकचं भांडं उचललं आणि सरळ मयुरीच्या हातात दिलं. "ताई, हे तुमच्याकडे."

आबांनी पंख्याकडे बघितलं. सुनेच्या देखत तो शब्द, वर ते भांडं तिच्या हातात! धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं त्यांना झालं. मयुरीने मान हलवून भांडं खाटेखाली ठेवलं, पण आबांना दिवसभर ते खाटेतून वर टोचत राहिलं.

तपासणी हाताच्या नसेतून जमली नाही, जांघेतून करावी लागली. तीन नसा बंद निघाल्या. आबांना खाटेवर आणून टाकलं आणि सिस्टरने बजावलं, पाय सरळ ठेवायचा, उठायचं नाही, संडासला जायचं नाही, काय असेल ते भांड्यात. वॉर्डबॉयला बोलवायची बेल मयुरीच्या बाजूला लटकत होती. म्हणजे बोलवायचं तरी तिला सांगूनच.

पडद्यापलीकडे नूर महंमद होते, गाद्या भरणारे, आबांच्याच वयाचे. ते खुशाल हाक मारायचे, "शहनाज, बाटली दे गं!" आणि लेक हसत बाटली द्यायची, हसत घेऊन जायची. आबा तोंड फिरवून पडायचे. नूर महंमदांनी एकदा पडदा बाजूला करून विचारलंही, "काय आबा, तुमचं काही चालू दिसत नाही? अहो, इथं सगळे त्याच कामाला आलेत." आबांनी चादर वर ओढली. लेक वेगळी आणि सून वेगळी, हे त्या माणसाला कोण सांगणार?

मग आबांनी आपलं पंचाचं डोकं चालवलं. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येईल? पाणी आत गेलंच नाही, तर बाहेर यायचा प्रश्नच मिटला! एस्टीने लांब जाताना ते नेहमी हेच करत आले होते, आणि आजवर काही बिघडलं नव्हतं. खाटेशेजारी स्टुलावर उलटीसाठी एक निळं घमेलं ठेवलेलं होतं. मयुरी ग्लास भरून द्यायची आणि रीतीप्रमाणे तोंड फिरवून उभी राहायची. आबा एक घोट घशाखाली घालायचे आणि उरलेलं हलकेच घमेल्यात सोडायचे. ओठ कोरडे पडले तर चूळ भरून ती पण तिथेच.

"घेतलंत ना आबा?"

"व्हई गयं," आबा भिंतीला सांगायचे.

सिस्टर विचारायला आली की म्हणायचे, भरपूर पिधं. भांड्यात फारसं काही दिसत नाही म्हटलं, की म्हणायचे, घाम जास्त येतो. असा तो दिवस निघाला, दुसराही निघाला. पाय मोकळा झाला तरी आबांनी तोच क्रम ठेवला, कारण भांड्याचं माप अजून मयुरीच घेत होती. आपण मोठी शक्कल लढवली असं त्यांना वाटत होतं, आणि चेहरा उतरत चालला होता तो दवाखान्याच्या जेवणामुळे, असंही वाटत होतं.

तिसऱ्या दिवशी रक्ताचा रिपोर्ट आला आणि शाझिया मॅडम कुणाशी न बोलता आत आल्या. त्याच सकाळी कुंदन रात्रपाळी करून आला होता, आणि अमळनेरहून आबांची थोरली बहीण वच्छलाबाई भावाला भेटायला आली होती. खोली भरलेली होती. मॅडमनी आबांची जीभ बघितली, हाताची कातडी चिमटीत धरून सोडली.

"किडनीचा आकडा, क्रिएटिनिन, दुपटीच्या जवळ गेलाय," त्या म्हणाल्या. "अशात ऑपरेशन करता येणार नाही. आता मला एक गोष्ट खरी कळायला हवी. पाणी सांगितलं तेवढं जाऊन असं झालं असेल, तर औषधाने किडनीला मार दिलाय. मग लघवी वाढवायचं इंजेक्शन द्यावं लागेल, ऑपरेशनचं नाव काही दिवस काढायचं नाही, कदाचित नाशिकला न्यावं लागेल. पण पाणीच गेलं नसेल, तर ते इंजेक्शन दिलं की उरलीसुरली किडनीही जाईल. अशा वेळी हळूहळू पाणीच द्यायला हवं. सिस्टर म्हणतात भरपूर गेलं. मला जीभ वेगळं सांगतेय. आबा?"

सगळ्यांनी आबांकडे बघितलं. आबांना सगळं समजलं होतं, ठिबकच्या नळीसकट समजलं होतं. तोंड उघडायचं आणि चार शब्द बोलायचे, बस. पण त्या चार शब्दांच्या मागून उरलेलं सगळं बाहेर येणार होतं. का फेकलं? सुनेची लाज वाटली म्हणून. कशाची लाज? बहिणीदेखत, मुलादेखत, त्या पडद्यापलीकडच्या माणसादेखत ते सांगायचं? आबांनी डोळे मिटले आणि कण्हल्यासारखं केलं.

"मॅडम, पाणी कमी गेलं," मयुरी म्हणाली. "माझं लक्ष राहिलं नाही. बाटल्या मी भरल्या, पण पोटात नाही गेलं."

"किती गेलं असेल? नीट सांगा."

"दिवसाला दोन ग्लास. त्यापेक्षा जास्त नाही. नक्की."

मॅडम तिच्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिल्या. मग सिस्टरला बोलावून त्यांनी हळू थेंबांची सलाईन लावायला सांगितली, इंजेक्शन रद्द केलं आणि निघून गेल्या. दार लागायचीच खोटी, वच्छलाबाईच्या तोंडाचा पट्टा सुटला.

"व माय! दोन गिलास पानी पाजाले तुना हात झडी गयतात का? मना भाऊ मराले टेकना, आन् हाई मोबाईलमजार तोंड घालीसन बठेल व्हती!"

कुंदन एरवी बायकोवर आवाज चढवणारा नव्हता, पण रात्रीच्या जागरणाने आणि भीतीने त्याचा तोल गेला. "माले रजा भेटनी नही म्हनीसन तुले ठेवं. येवढं एक काम व्हतं तुनाकडे. येवढं एक!"

मयुरी पदर सारखा करून खिडकीशी उभी राहिली. आबा चादर ओढून झोपल्याचं सोंग घेऊन पडले होते. सोंग घेतलेल्याला जागं करता येत नाही म्हणतात, पण त्याला ऐकू मात्र सगळं येतं. एकेक शब्द आबांच्या कानात उतरत होता, आणि ते मनात म्हणत होते, आता बोलतो, अक्काचं संपलं की बोलतो. अक्काचं संपलं तेव्हा त्यांना वाटलं, आता शांत झालंय, उगाच कशाला पुन्हा उकरा.

सलाईन लागू पडली. आबा आता मुकाट पाणी पीत होते, ग्लासच्या ग्लास, आणि भांडं संडासात नेऊन स्वतः भरून ठेवत होते. दर रिपोर्टला आकडा उतरत होता. पण वच्छलाबाई अमळनेरला परत गेली नाही. भावाच्या पाण्यावर पहारा करायला ती तिथेच ठाण मांडून बसली, आणि भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला पहिल्यापासून कथा सांगू लागली. तिच्या नणंदेची जाऊ आली, तिला सांगितली. गावचा सरपंच आला, त्याला सांगितली. आणि प्रत्येक वेळी ज्याला ती कथा सांगितली त्याला चहा आणून द्यायची मयुरी.

एकदा गावाहून बन्सीलाल नाना आले. आबांच्या ओट्यावरचे नेहमीचे, गमत्या माणूस. त्यांनी वच्छलाबाईची कथा चहाबरोबर संपवली, कप खाली ठेवला आणि मांडीवर थाप मारली. "आबा, घर गयात म्हणजे हाई न्याय तुमनाच ओटावर करा! सून उभी, सासरा पंच!"

खोलीतले सगळे हसले. आबाही हसले. ओठ आपोआप फाकले, आवाजही निघाला. मयुरी रिकामे कप गोळा करत होती. कप घेऊन ती बाहेर गेली. आबांचं हसू तसंच तोंडावर राहिलं, ते पुसायचं कसं हे त्यांना कळेना. आयुष्यात इतकी माणसं त्यांनी मान खाली घालायला लावली, पण मान खाली घातल्यावर पोटात नेमकं काय होतं ते त्यांना त्या दिवशी कळलं. मेल्याहून मेल्यासारखं म्हणतात ते हेच असावं. तरी ते बोलले नाहीत. ऑपरेशनच्या आधी सांगू, मनाशी म्हणाले. ऑपरेशनची सकाळ उजाडली, आबा आत जाईपर्यंत सगळे त्यांचा हात धरून होते, आणि आबांना मरणाची भीती वाटली, तीही आधी या गोष्टीसाठी की आता हे तसंच राहणार. भीती वाटली, पण शब्द फुटला नाही. याला काय म्हणावं? भित्रा म्हणावं, दुसरं काय.

आबा वाचले. धडधडणारं हृदय न थांबवता तीन नसा जोडल्या गेल्या. आतमध्ये तासातासाला लघवी मोजली जात होती, साखर बघितली जात होती, दाब जरा खाली आला की कुणीतरी धावत होतं. आबांना काहीच कळत नव्हतं. शुद्धीवर आले तेव्हा छातीला पट्टा आणि खाटेच्या कडेला लघवीची पिशवी लटकलेली, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल अशी. वच्छलाबाई आली की आधी पिशवी बघायची, मग भावाचं तोंड. कुंदन तर मोबाईलचा उजेड पाडून खुणा वाचायचा. जे झाकायला आबांनी एवढं केलं, ते आता घरादाराच्या बोलण्यातलं होतं, आणि कुणाला त्यात लाज वाटेना.

खोलीत हलवल्यावर शाझिया मॅडम आल्या, पहिल्यांदाच हसत आल्या. "आबा, किडनी जागच्या जागी आहे. आकडा पहिल्यापेक्षा बरा." मग त्या मयुरीकडे वळल्या. "खरं सांगू का? हे या ताईंमुळे. त्या दिवशी त्यांनी पाणी कमी गेल्याचं कबूल केलं नसतं, तर मी ते इंजेक्शन दिलं असतं, आणि आज तुम्ही डायलिसिसच्या मशीनवर असता. सगळ्यांसमोर स्वतःची चूक सांगायला धाडस लागतं."

"धाडस कसानं?" वच्छलाबाई म्हणाली. "चूक तिनीच व्हती ना."

आबांच्या डोक्यात तेव्हा पहिल्यांदा प्रकाश पडला. दोन ग्लास. त्यापेक्षा जास्त नाही. नक्की. इतकं नक्की तिला कसं माहीत होतं? मॅडम निघून गेल्या. कुंदन गोळ्यांची पुडी सोडत होता. आबांनी छातीवरचा पट्टा दाबून धरला, कारण बोलताना टाके ओढत होते.

"चूक तिनी नही," ते म्हणाले. "पानी मी फेकी दिधं. रोज. घमेलामा."

कुंदनला वाटलं, भूल अजून उतरली नाही. "आबा, काय बोली ऱ्हायनात?"

"माले भांडं मांगानी लाज वाटनी. म्हनीसन पानीच पिधं नही. तुम्ही तिले बोलनात, तवय मी जागा व्हतू."

वच्छलाबाईचं तोंड उघडं राहिलं. कुंदनने मयुरीकडे बघितलं, मग खाली फरशीकडे. आबांना वाटलं, संपलं, ओझं उतरलं. आता ती रडेल, नाहीतर म्हणेल, जाऊ द्या आबा.

मयुरी म्हणाली, "मला माहीत होतं."

आबांनी मान वळवून सरळ तिच्याकडे बघितलं.

"घमेलं कोण ओतत होतं, आबा? दिवसातून चार वेळा मीच ओतत होते. उलटी नाही, काही नाही, नुसतं स्वच्छ पाणी."

घमेलं भरलं की पुढे ते कुठे जातं, हा विचार आबांच्या मनात कधी आलाच नव्हता. घमेल्याचाच काय, ताटाचा, तांब्याचा, धोतराचा कशाचाच कधी आला नव्हता. वस्तू भरायच्या, आणि नंतर रिकाम्या सापडायच्या.

"मंग तू बोलनी काबर नही?" त्यांनी विचारलं. आवाज पंचाचा राहिला नव्हता.

"रोज वाटायचं, उद्या तरी प्याल. तुम्हाला तोंडावर कसं म्हणू? तिथे मी चुकले. नंतर डॉक्टरांना जेवढं कळायला हवं होतं तेवढं मी सांगितलं. बाकीचं तुमचं होतं. तुम्ही सांगाल म्हणून वाट बघितली." ती खाटेच्या पायथ्याशी उभी होती, आणि तिचा पदर खांद्यावरच होता. "अक्का बोलल्या, हे बोलले, ते मी सोसलं. त्यांना माहीतच नव्हतं. पण बन्सीलाल नाना बोलले तेव्हा तुम्ही हसलात, आबा."

कुंदन काहीतरी म्हणायला गेला, पण आबांनी हात वर करून त्याला थांबवलं. मयुरी उत्तराची वाट बघत होती.

"हासनू," आबा म्हणाले. "मी बी हासनू, पोरी."